सुशीलाक्कांचं दार

पूरग्रस्तांची घरं बांधून देणाऱ्या संस्थेत काम करताना मला सगळ्यात जास्त कुणी पळवलं असेल, तर ते सुशीलाक्कांच्या दारानं.

पंचगंगेच्या पुरात त्यांची सगळी गल्लीच पडली. दोन वर्षांनी शिरोलीच्या वरच्या अंगाला नवी वसाहत झाली आणि घरं चिठ्ठ्या टाकून वाटली. एकट्या राहणाऱ्या अक्कांना अगदी टोकाचं घर आलं. जुने शेजारी कुठल्या कुठे पांगले.

पहिल्याच महिन्यात त्यांचा फोन आला. "दार घासतंय. बघून जावा."

सुताराला घेऊन गेलो. त्यानं दार चारदा उघडलं, लावलं. कुठंच घासत नव्हतं. तरी त्यानं बिजागऱ्यांना तेल घातलं, अक्कांनी चहा पाजला. महिन्याभरानं पुन्हा तोच फोन, पुन्हा तेल, पुन्हा चहा. तिसऱ्यांदा मी एकटाच गेलो आणि जरा वैतागूनच म्हणालो, "अक्का, दार झकास उघडतंय की!"

"व्हय, उघडतंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर त्यातनं आत येतंय कोण? जुन्या गल्लीत दार लावायला सवड गावत न्हवती. हितं दिवसभर उघडं टाकून बसतो, तर नुसता वारा येतोय."

पुढची कामं खोळंबली होती, तरी चपला काढून आत बसलो. तासभर त्या जुन्या गल्लीतल्या एकेका घराबद्दल सांगत राहिल्या.

निघताना बाहेरपर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पुढच्या येळंला खिडकीची तक्रार देऊ काय?"