एक माप मोठा

हेरिंग माशाच्या गाडीवर कांदा चिरता चिरता फेमके रांगेतल्या बापलेकीचं बोलणं ऐकत होती.

"लीसबेथ, पालिकेच्या वेबसाइटच्या सुरक्षेतली चूक कळवलीस आणि बक्षीस काय, तर हा टी-शर्ट. वर छापलंय, 'पालिका फोडली, फडक्यावर भागवलं.'"

"ह्या फडक्यासाठी हॅकर लोक झुरतात, बाबा."

"वेबसाइट मी बनवलेली. घरी सांगायचंस ना."

"घरी सांगितलं असतं तर तू गुपचूप दुरुस्त केलं असतंस. लोकांचे पत्ते उघडे पडले होते."

"हो. चूक माझी, हे ऑफिसात सगळ्यांसमोर कबूल केलं मी."

"रागावलास?"

"तुझं आभाराचं पत्र मीच लिहिलं."

"पण तुमच्या ऑफिसला माप कळत नाही. केवढा ढगळ आहे हा."

"मापाचा रकानाही मीच भरला. थंडीत आत स्वेटर मावायला हवा."