काकी मला न्यायला आल्या

आमचे लोक मूळचे दक्षिणेतले, आजोबांचे आजोबा घोड्यावर बसून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले म्हणतात, मी घोडा नाही पाहिला, मी तर बापही धड नाही पाहिला. बाबा महाराजांच्या पलटणीत शिपाई होते. लश्कर म्हणजे ग्वाल्हेरचं नवं शहर, तिथे प्लेग आला तेव्हा लोक घरं सोडून माळावर झोपड्या टाकून राहिले, तिथेच आधी आई गेली मग बाबा, आणि मी एवढीशी, तीन-चार वर्षांची असेन, मला कुणीतरी उचलून पडाव नावाच्या वस्तीजवळच्या अनाथालयात आणून ठेवलं. कुणी ठेवलं ते आजवर नाही कळलं. देव त्याचं भलं करो.

आता अनाथालय म्हटलं की लोक बिचारी बिचारी करतात, तसं बिलकुल नाही होतं. पोटभर रोटी मिळायची, थंडीत रजई मिळायची. तिथल्या मोठ्या बाई विधवा होत्या, पांढरं लुगडं नेसायच्या, त्यांनी कधी कुणावर हात नाही उचलला, आवाज नाही चढवला. घंटा वाजली की उठायचं, घंटा वाजली की जेवायचं, केस सगळ्यांचे बारीक कापलेले, माझी चटई खिडकीखाली. मला वाटायचं दुनिया अशीच असते, मोठी माणसं हळू बोलतात आणि मुलांनी त्यांच्याहून हळू बोलायचं.

मी आठ-नऊची झाली तेव्हा एक हवालदार आले, ह्या एवढ्या मिशा. बाबांचे पलटणीतले दोस्त, बरीच वर्षं बाहेरच्या छावणीत होते, परत आल्यावर त्यांना पता लागला की दोस्ताची पोरगी जिवंत आहे. मोठ्या बाईंना म्हणाले, मी नेतो हिला, माझ्या कुसुमबरोबर वाढेल. मोठ्या बाईंनी माझं तोंड पुसलं आणि पाठवलं.

घर दाना ओलीत, अरुंद गली, दोन खोल्या, काका, काकी आणि त्यांची कुसुम, माझ्याहून थोडी मोठी. पहिल्याच सकाळी काय झालं, काकी म्हणाल्या कुसुम, पाणी भर, आणि कुसुम म्हणाली, मी नाही जात, तूच जा. मला वाटलं झालं, आता हिला कुठे पाठवतात कोण जाणे. काकी अशा ओरडल्या की अख्ख्या गलीनं ऐकलं, कार्टे, जीभ झडेल तुझी, आणि काय सांगू तुम्हाला, त्याच दमात म्हणाल्या, ये इकडे, केसांचा काय झाडू झालाय, तेल लावते. आणि ती उलटं बोललेली पोरगी आरामात आईच्या पुढ्यात जाऊन बसली! लोक किल्ल्यावर मोठी देवळं बघायला जातात ना, मान वर करून, तशी मी त्या दोघींना बघत राहायची. रोज भांडण, रोज तेच आश्चर्य. मी मात्र गपचूप. न सांगता उठायची, जेवण झालं तरी घंटेची वाट बघत ताटावर बसून राहायची. काकी काकांना म्हणायच्या, पोरगी आहे की पाहुणी, काही मागतच नाही.

मग एक दिवस लाकडी बाहुलीवरून कुसुमशी झोंबाझोंबी झाली, मी तिला ढकललं, ती उंबऱ्यावर पडली, ओठ फाटला, रक्तच रक्त. काकी कणीक मळत होत्या, तशाच उठून आल्या आणि किंचाळल्या, नीघ, चालती हो माझ्या डोळ्यांसमोरून!

तर मी निघाली. राग नाही आला, रडूही नाही आलं. मोठी माणसं सांगतात ते करायचं असतं, मला एवढंच माहीत. खुंटीवरचा अनाथालयातला घागरा काखेत धरला आणि चालायला लागली, दुपारचं ऊन, नया बाजारात एकाला विचारलं पडाव कुठे, पुढे टांगेवाल्याला विचारलं, आणि पोचली.

खिडकीखालच्या माझ्या चटईवर दुसरी पोरगी बसली होती, नवीन आलेली, केस नुकते कापलेले. कुणाचा दोष नाही त्याच्यात, जागा रिकामी ठेवून कसं चालेल. मोठ्या बाईंनी मला पाणी दिलं, का आलीस विचारलं, मी सांगितलं, काकी म्हणाल्या नीघ. बाईंनी मला जवळ बसवलं. मग म्हणाल्या, सखू, मी तुला कधी असं म्हटलं? नाही. कुणाला म्हटलं? नाही. मी कशी म्हणू गं, मी म्हटलं तर तुम्ही जाणार कुठे, मला जीभ सांभाळावी लागते. तिला नाही लागत, म्हणून तर तुला तिथे धाडली. आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मोठ्या बाईंना रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

तेवढ्यात दारात काकी. डोक्यावर पदर घेतल्याशिवाय कोपऱ्यापर्यंत न जाणारी बाई, ती भर बाजारातून उघड्या डोक्यानं, अनवाणी आली होती, कोपरापर्यंत कणीक वाळलेली. आल्या आल्या मला एक थप्पड दिली, जन्मातली पहिली, आणि मग अशी घट्ट धरली की कणीक माझ्या केसांना चिकटली. म्हणत राहिल्या, मी म्हटलं आणि तू गेलीस? अगं, असं कुणी जातं का? मी म्हटलं आणि तू गेलीस? हेच, पुन्हापुन्हा. माझ्या अंगावर काटा आला, भीतीनं नाही, कशानं ते आजही नाही सांगता येत.

घरी आलो तर दिवेलागण झालेली. काका मला शोधायला गेले ते आमच्या मागून परतले. कुसुम सुजलेला ओठ घेऊन दारात बसलेली. कुणी जेवलं नव्हतं, चूलच पेटली नव्हती. तिकडे अनाथालयात तीस पोरींची पोटं, घंटा कुणा एकीसाठी थांबू नाही शकत, ते मला आताही पटतं. पण इथे माझ्यासाठी चूल थांबली होती. मी त्या थंड चुलीकडे बघतच राहिली.

पुढे कधीतरी काकी म्हणाल्या, सखू, भांडी घास, आणि माझ्याच तोंडातून निघालं, कुसुमला सांगा की, सारखी मीच का! बोलली आणि दगड झाली. काकी हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, काकांना हाक मारून म्हणाल्या, अहो, ऐकलंत का, रुळली हो पोरगी.

माझ्या लग्नाला मोठ्या बाई आल्या तेव्हा काकींनी त्यांना विहीणबाईंच्याही आधी पाटावर बसवलं. घर चांगलं की अनाथालय, असं तुम्ही विचारता, मी काय सांगू. बाईंनी मला सांभाळलं नसतं तर काकींपर्यंत मी पोचली असती का?

मागच्या थंडीत काकी गेल्या. दहाव्याला भटजींनी काकांना विचारलं, मुली किती? भटजी त्याच गलीतले, त्यांना सगळं माहीत. काका म्हणाले, दोन, मोठी इंदूरहून आलीय, धाकटी ही. भटजींनी माझ्याकडे बघितलं, कुसुमनंतर माझ्या ओंजळीत तीळ घातले.

आता काका माझ्याकडेच असतात, नजर गेली, आवाज तसाच पलटणीतला. आत झोपलेत, उठतील आता, चहा लागेल. तुम्हीही घ्या घोटभर. औक्षवंत व्हा.