तुटक रेघ

— नाही, तो नकाशा ओट्यावर पसरू नका, ओटा ओला आहे. टेबलावर घ्या. आणि बसा आधी. घर पाडायला आलेल्या माणसालासुद्धा बस म्हणावं लागतं. पाडत नाही? ऐकलंय मी, समोरच्या शिंप्याला सांगत होतात ना काल, खिडकी उघडीच होती माझी. रस्त्याकडची जुनी भिंत ठेवायची, कोरीव खिडक्या ठेवायच्या, वारसा म्हणून, आणि मागे मजल्यावर मजले चढवून निम्मं गाव आणून बसवायचं. म्हणजे तोंड म्हातारीचं आणि अंग नवरीचं. फसवताय कुणाला, रस्त्याला? आत्ताच इथे कुणी शिंकलं तर तिसऱ्या घरात रुमाल निघतो. बरं, ते राहू दे. आम्हा दोन्ही घरांचा होकार लागतो म्हणता ना, मग पलीकडे जाऊन आलात का? आलात. हं. तिने खुर्ची दिली असेल, हलते ती. ती माझी धाकटी जाऊ. पूर्वी घर एकच होतं, सासरे गेले आणि दोघा भावांनी मधे ही भिंत घातली. आता भाऊ दोघेही नाहीत, भिंत तेवढी शाबूत. बोलणं? छे. कशावरून ते विचारू नका — नाही विचारलंत, तरी सांगते. गवंड्याने भिंत तिरकी घातली, माझी चार बोटं जागा तिच्याकडे गेली. चार बोटांत काय मावतं म्हणाल, पण ती हसली होती हो तेव्हा. हसायचं काय त्यात?

तर तुमची ही नवी भिंत. जाड, आत भुशासारखं काहीतरी भरलेलं, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, वीज कमी, आणि वर कौतुकाने सांगताय की पलीकडचा आवाज अजिबात येणार नाही. अजिबात? मग कळणार कसं? म्हणजे — आत्ताची भिंत एका विटेची आहे, नको असलं तरी ऐकू येतं. सकाळी उठली की ती खोकते. एखाद्या दिवशी नाही खोकली तर मी आपलं पातेलं जरा जोरात ठेवते. मग तिकडूनही एक पातेलं आपटतं. झालं, आपण आपल्या कामाला लागायचं. याला बोलणं म्हणत नाहीत, असं बघू नका माझ्याकडे. उद्या बाई न्हाणीघरात पडलीबिडली तर गल्लीला पत्ता लागायला नको? गल्लीला म्हणतेय मी.

आणि लवचिक घर म्हणे. भिंती सरकवा, मुलं आली की घर मोठं, गेली की लहान, उरलेलं भाड्याने द्या. माणसं ताठ ती ताठच, घराला वाकवून काय उपयोग? वर काम असं की इथे रेघच पुरी ओढलेली नाही. ही बघा, दोन स्वयंपाकघरांच्या मधे, तुटक तुटक. शाई संपली का? असल्या भोकाभोकाच्या भिंतीला मी हो म्हणू?

— दार?

आत्ता बंद ठेवायचं, पुढेमागे हवं तर उघडायचं. पण हवंय कुणाला? मी मागितलं नाही. ही तुमचीच अक्कल ना, शिकलेल्या माणसांची? मग खाली का बघताय? इतका वेळ तर पोपटासारख्या बोलत होतात. सांग गं पोरी, कुणी काढायला लावली ही रेघ?

तिने?

आपणहून? काय म्हणाली, शब्दन् शब्द सांग — नको, राहू दे, सांगू नकोस.

थांब. ऐकलंस? आपटलं पातेलं. तू इथे किती वेळ बसलीस त्याचा हिशेब चाललाय तिकडे, भोचक कुठची.

कडी कुणाच्या बाजूला येते या दाराला? दोन्हीकडे? माझ्याकडे नको. तिला लावायची तर लावू दे, मला कडीबिडीची सवय नाही. आता उचला हा कागद. आणि जाताना तिने हटकलं तर होकाराचं काही बोलायचं नाही, मी भांडले म्हणून सांगा. भांडलेच आहे मी. निघा, मला भांडी घासायचीत.