न वाजणारं खोकं

अहो भाऊ, ते तसं एका हातानं नका उचलू — नाही, रिकामं नाही ते, भरलेलं आहे, वर लिहिलंय ना 'काच, सांभाळून', ते अक्षर ह्यांचं आहे, जरा वाकडं आलंय एवढंच. ठेवा खाली. आधी पलंग न्या, कपाट न्या, स्वयंपाकघरातली ही चार खोकी शेवटी — आणि बाहेरच्या तुमच्या माणसांना त्यांना हात लावू देऊ नका, तुम्हीच न्या. तुम्ही म्हणाल, बाई फार कटकटी दिसते. आहेच मी. पण काचसामान म्हटलं की कटकट करावीच लागते, आणि आमच्या घरात तर ती मुरलेली आहे.

ह्यांचा जन्म गेला हो काचसामानाच्या दुकानात. विकायला दुसरे होते, हे बांधायला. कुणी बाहेरगावी न्यायचा सेट घेतला की मालक म्हणायचे, त्यांच्याकडेच द्या. ताटली कधी आडवी ठेवायची नाही, उभी ठेवायची, पुस्तकं लावतात तशी — आडव्या एकावर एक रचल्या की सगळ्यांचा भार खालचीवर, पहिला खड्डा आला की संपलं. कपाचा आधी कान गुंडाळायचा, मग कप. तळाला कागदाचे बोळे, कडेला बोळे, वर बोळे. आणि सुतळी बांधून झाली की खोकं कानाशी धरून हलवायचे — असं, हळूच — डोळे मिटून ऐकायचे. आवाज आला तर सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. नाही आला तर म्हणायचे, "वाजत नाही, म्हणजे शाबूत जाणार." पोरीच्या परीक्षेपासून ते माझ्या ऑपरेशनपर्यंत आमच्याकडे सगळ्याला हेच वाक्य.

काय म्हणता? हलकं लागतंय? असेल. कपच आहेत ना त्यात, पातळ चिनी मातीचे, त्यांना वजन ते काय असणार — नाही, बशाही आहेत तशा — म्हणजे — भाऊ, जरा ते दार लोटा. हे बाहेर खुर्चीवर बसलेत आणि ऐकू चांगलं येतं त्यांना. कानात काही बिघाड नाही.

रिकामं आहे ते. चारही रिकामी आहेत. आता हाताला कळलंच तुमच्या, तर लपवून काय करू. हलायचं ठरल्यापासून रोज सकाळी चहा झाला की हे इथे जमिनीवर बसायचे, कागद पसरायचे, मला म्हणायचे, तू मध्ये येऊ नको, तुला जमायचं नाही. मला बरं वाटलं हो. कितीतरी महिन्यांनी माणूस एका जागी बसून काहीतरी करत होता. मी भाजी चिरता चिरता बघायची — कागद घेतायत, गुंडाळतायत, कडा दुमडतायत, काय ती सफाई. मग एकदा केर काढायला खोकं सरकवायला गेले, तर ते नुसतं पायानं सरकलं. सोडून बघितलं. कागद. कागदात कागद, त्यात कागद. ताटलीएवढ्या ताटल्या, कपाएवढे कप, कानसुद्धा केलेला — आणि आत काही नाही. भांडी सगळी फडताळात जागच्या जागी. मी तशीच बसले. आता ह्यांना सांगू काय — अहो, तुम्ही हवा बांधलीत? सुतळी पुन्हा आवळली, तोवर हे आलेच, खोकं उचललं, कानाशी धरून हलवलं. त्यात वाजणार काय, कपाळ? "बघ," म्हणाले, "वाजत नाही." आणि हसले. किती दिवसांनी हसले.

खरी भांडी? ती त्या ट्रंकेत आहेत, माझ्या कपड्यांत आणि चादरींत. हे दुपारी झोपले की एकेक गुंडाळायची मी. मला कुठे येतंय ह्यांच्यासारखं, बांधता बांधताच दोन कप गेले. तिथे पोचेपर्यंत बाकीचीही फुटतील बहुतेक. ही चार खोकी मात्र शाबूत जाणार.

हसू नका. बरं, हसा, मलाही कधीकधी हसू येतं आणि मग थांबत नाही.

आता कामाचं ऐका. तिकडे मुलगी दारात उभी असेल. तिच्याकडेच चाललोय, दुसरं काय करणार, मला एकटीला हे झेपत नाहीत. पोर चांगली आहे, पण सरळ आहे. ती म्हणाली, आई, बाबा विसरतात तेवढं चालेल, पण त्याच्यापुढे गेलं तर नोकरी सांभाळून मला नाही जमायचं, मग अशा माणसांना जिथे ठेवतात तिथे ठेवावं लागेल. तिचं चुकतंय असंही म्हणता येत नाही मला. मी सांगितलंय, काही नाही गं, चष्मा कुठे ठेवला ते विसरतात, एवढंच. आता ती हौसेनं पुढे येईल आणि पहिलं हेच खोकं हातात घेईल — बाबांनी बांधलंय ना. देऊ नका तिला. म्हणा, ताई, जड आहे. सरळ आत ठेवा, मी मागोमाग ट्रंक घेऊन येते, दार लावून भांडी भरते त्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची, भाऊ. कुठवर झाकेन, मलाच माहीत नाही. आजचा दिवस निघू दे. एवढं कराल?

— आलात का आत? बसायचं ना बाहेर, इथे धूळ आहे. हे गाडीवाले भाऊ, त्यांना सांगत होते, काच आहे, जपून न्या. हो, हेच खोकं. ऐकायचंय? घ्या की. द्या हो त्यांच्याकडे, भाऊ — ... नाही वाजत ना? मग. शाबूत जाणार.

काय? छान बांधलंय? हो, छानच बांधलंय.

कुणी बांधलं म्हणजे?

... तुम्हीच. तुम्हीच बांधलंत हो.

न्या भाऊ आता. दोन्ही हातांनी धरा. जड आहे ते.