चिंचेचं वळण

आबा : माझं बूट कुठं ठेवलंस गं?

प्रियंका : आधी चहा घ्या आबा. निवतोय.

आबा : च्या मागनं. झेंड्याचा टाइम झाला.

प्रियंका : आज तुम्ही नुसतं खुर्चीवर बसायचं. शेजारचे सयाजीभाऊजी गाडीवरून नेतील, गाडीवरूनच आणून सोडतील.

आबा : मी काय पोतं हाय व्हय?

प्रियंका : पोतं हरवत नाही आबा.

आबा : लागलं हां बोलणं. आगं, मिल्ट्रीतनं पेन्शनीत आलो तवापासनं पंधरा ऑगस्टला शाळंचा झेंडा मी बांधतोय. आत फुलं घालून अशी सुरगाठ मारायची, की वर गेल्यावर एका हिसक्यात सुटली पायजे. त्या मास्तरास्नी जमती का?

प्रियंका : जमेल. मी कालच मोठ्या बाईंना फोन केलाय. आबांची तब्येत बरी नाही, यंदा दुसऱ्या कुणाला तरी सांगा म्हणून.

(प्रभातफेरीच्या घोषणा गल्लीत येतात आणि लांब जातात.)

आबा : आपली राजू हाय न्हवं त्यात?

प्रियंका : आहे. राजेश्वरी सगळ्यांत पुढे आहे.

आबा : एवढीशी नात माझी. तिला सोडलंस.

प्रियंका : तिच्याबरोबर बाई आहेत. आणि तिला घर ठाऊक आहे.

आबा : आन मला न्हाई.

प्रियंका : गेल्या महिन्यात दाढी करायला म्हणून गेलात आणि विट्याच्या स्टँडवर बेळगावच्या गाडीत सापडलात. रजा संपली, हजर व्हायचंय, असं कंडक्टरला सांगत होतात. राजूचा हात धरून मी प्रत्येक गाडीत चढून बघत होते. ह्यांना कोइमतूरला फोन करायचं धाडस होईना. सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान बंद करून ते किती वेळा पळत येणार? आणि सांगू काय? तुमचे वडील माझ्याकडून हरवले?

आबा : लय घाबरलीस.

प्रियंका : अजून घाबरलेलीच आहे. झोपायच्या आधी गेटचं कुलूप ओढून बघते, परत उठून बघते.

आबा : ठावं हाय. आत असतोय त्याला कुलपाचा आवाज पयला येतो.

प्रियंका : असं नका ना बोलू.

आबा : मग कसं बोलू? टोपीच्या आत तुझा फोन नंबर शिवलास. म्हशीच्या कानात बिल्ला असतोय, म्हनलं आसू दे. गेटाला कुलूप लावलंस, म्हनलं आसू दे, पोर भेलीया. पर आजच्या दिशी न्हाई गं पोरी.

प्रियंका : रस्ता सांगा बघू. इथून शाळेपर्यंतचा.

आबा : परीक्षा घेतीस? घे. भाईर पडलं की डेअरी. डेअरीम्होरनं सरळ. चिंचंपाशी उजवीकडं वळलं की शाळा.

प्रियंका : आबा, चिंच कधीच तोडली. रस्ता रुंद केला तेव्हा.

आबा : तोडली?

प्रियंका : तुम्हीच भांडायला गेला होतात.

आबा : ...झाड गेलं. वळण तितंच हाय न्हवं?

प्रियंका : आहे.

आबा : मग?

प्रियंका : मग काही नाही.

आबा : तू लगीन होऊन आलीस तवा कॉलेजचं शेवटचं वरीस ऱ्हायलं हुतं तुझं. तुझी सासू म्हनायची, नवी सून एष्टीनं एकली कशी धाडायची?

प्रियंका : आणि तुम्ही म्हणालात, वाट चुकली तर इचारंल, तोंड हाय तिला.

आबा : मलाबी हाय.

प्रियंका : पण पहिल्या दिवशी मागच्या गाडीनं तुम्ही आला होतात. कॉलेजसमोर रसाच्या गाड्याआड उभे होतात.

आबा : मी? न्हाई बा.

प्रियंका : लाल फेटा दिसला मला.

आबा : दुसरा कोन आसंल. तालुक्यात लाल फेट्याचा दुष्काळ पडलाय काय?

प्रियंका : मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी एकटीनं जायला झालं नसतं.

आबा : च्या आण हिकडं. निवला.

प्रियंका : बूट पेंडीच्या पिंपात आहेत.

आबा : आरारा! पेंडीत?

प्रियंका : पिशवीत घालून ठेवलेत. पॉलिश केलंय.

आबा : घालू द्यायचं न्हवतं, तर पालिश कशाला केलंस?

प्रियंका : काय माहीत. हातात ब्रश होता.

आबा : ...आन त्या बाईस्नी काय सांगशील?

प्रियंका : आबा निघालेत, तोवर कुणी दोरीला हात लावू नका. कुलूप काढते. टोपीतला नंबर उसवून देऊ?

आबा : ऱ्हाऊ दे त्यो. टोचत न्हाई.

प्रियंका : डेअरीपाशी चिखल आहे, कडेनं जा. आणि आबा, मी मागे येणार नाही.

आबा : व्हय. मीबी आलो न्हवतो.