डाव्या पंखावरचा हिरवा तुकडा

खोटं कायले बोलू, प्रदीपचं विमान पाह्यलं की मी जळून खाक होतो. आमी दोघंही प्लास्टिकच्या किटमधून छोटी लढाऊ विमानं बनवतो, मी अमरावतीत, तो अकोल्यात. पण त्याचं मिग अस्सल वाटते. किटमधली ठोकळ चाकं फेकून त्यानं नवी घडवली, पंखावरच्या रेषा सुईनं कोरल्या. त्याच्यापुढे माह्यं मिग म्हणजे जत्रेतलं खेळणं!

मागच्या महिन्यात त्याच्या घरी गेलो, ते फक्त चूक शोधाले. अर्धा तास भिंग लावून पाह्यलं, अन् सापडली! डाव्या पंखावर एक तुकडा वेगळ्याच हिरव्या रंगाचा.

"रंग संपला होता काय बे?" मी म्हटलं. इतका आनंद मले पोरीच्या दहावीच्या निकालालेही झाला नव्हता.

प्रदीपनं हसून बाजूले बोट दाखवलं. तिथं त्याचे सासरे चहा पिऊन राहिले होते, हवाई दलातून रिटायर झालेले मेकॅनिक. ते म्हणाले, "ह्याच्या शेपटीवर जो नंबर आहे, त्याच नंबरचं खरं विमान माह्या हाताखाली होतं. तो पत्रा मीच दुसऱ्या विमानाचा काढून लावला, रंगवाले वेळ नव्हता. जावयाले म्हटलं, तसाच दाखवा."

मी चहा अर्धा टाकून उठलो. घरी येऊन बायकोले पहिलं हेच विचारलं, "तुह्या बाबांनी एअरफोर्सात नोकरी कावून नाही केली?"

माह्या सासऱ्याची मोर्शीले संत्र्याची बाग आहे. बायको म्हणे, "दरवर्षी पेटी-पेटी संत्री खातांना नाही सुचलं हे?"