मथुराबाईंचं शय्यादान

मंडळी, पूर्वरंग झाला, बुक्का लागला, पेटीवाल्यांनी घोटभर पाणी घेतलं. आता मला एक सांगा — मेलेल्या माणसाची पाठ दुखते का?

हसता काय? दुखते का, सांगा! ते खांबाला टेकलेले काका मान हलवतायत. नाही म्हणतात. बरं! मग तेराव्या दिवशी आपण पलंग कोणासाठी देतो? वर गादी, उशी, चादर, छत्री, वहाणा, तांब्या-भांडं! गेलेल्या जिवाला पुढच्या वाटेवर पाठ टेकता यावी म्हणून. द्या! जरूर द्या! शास्त्राचं मला वावडं नाही. पण तीच पाठ जिवंतपणी कुठे टेकत होती, हे कोणी विचारायचं? ते विचारणारी एक बाई निघाली. तिचं आख्यान ऐका.

संगमनेरात रासन्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. जातीचे कासार. त्यांच्या घरची रीत अशी, की वस्तूवर नाव घातल्याशिवाय ती आपली मानायचीच नाही. हंड्यावर नाव, परातीवर नाव, अहो, लोणच्याच्या चमच्यावर नाव! धनी विनायकराव, त्यांच्या पत्नी मथुराबाई, मुलगा मुकुंद, सून नीलिमा, आणि कॉलेजात जाणारी नात सायली. एवढीच माणसं. लक्षात ठेवा, परीक्षा घेणार नाही!

विनायकरावांना शेवटच्या वर्षात दम लागायचा. आडवे झाले, की छातीवर कोणी जातं ठेवावं तसं व्हायचं. मग मथुराबाई काय करायच्या? भिंतीशी वळकट्या रचायच्या, त्यावर उशा, आणि नवऱ्याला टेकवून बसवायच्या. ते घसरायचे. बाई पुन्हा वर ओढायच्या. पुन्हा घसरायचे! स्वतःची कंबर गेली बाईंची, पण हूं की चूं नाही.

एकदा विनायकराव मुलाला म्हणाले, "मुकुंदा, डोक्याकडून वर होणारे पलंग मिळतात म्हणे. एक आण की रे माझ्यासाठी."

मुकुंद म्हणाला, "बाबा, घराचा दवाखाना करायचाय का? बघू, दिवाळीनंतर."

दिवाळी आली. विनायकराव थांबले नाहीत.

आणि मग तेराव्याला — मंडळी, काय थाट! सागवानी पलंग! वीतभर उंच कापसाची गादी! आणि उशाकडच्या फळीवर पितळी पट्टी, तिच्यावर ठोकून नाव घातलेलं — 'कै. विनायक गणपत रासने यांचे स्मरणार्थ'. अहो, दान दिल्यावर ती वस्तू आपली उरते का? पण कासाराचा हात! नाव घातल्याशिवाय राहवेना. गुरुजींना सपत्नीक पलंगावर बसवलं, मुकुंदाने हातावर उदक सोडलं, आणि जमलेले लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा!

मथुराबाई दाराशी बसून बघत होत्या. त्यांच्या मनात एकच आलं — ह्यांना एकदा तरी बसवायचं होतं रे यावर. पण त्या दिवशी त्या बोलल्या नाहीत.

वर्ष सरलं. रासने नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले. आणि आता मथुराबाईंना दम लागायला लागला! डॉक्टर म्हणाले, "आजी, सपाट झोपायचं नाही. डोक्याची बाजू उंच हवी." मग घरात खल सुरू झाला. एक खोली मुकुंद-नीलिमाची, एक सायलीच्या अभ्यासाची. उरला हॉल! नीलिमा म्हणाली, "सोफा-कम-बेड घेऊ. दिवसा सोफा, रात्री आईंचा बेड." सून वाईट नव्हती हो. उगीच सुनेवर घसरू नका, तुमची सवय मला माहीत आहे! पण दिवसा सोफा आणि रात्री आई — मग दिवसा आई कुठे? हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

निघाली स्वारी फर्निचरच्या दुकानात. भंडारीशेठ स्वतः पुढे आले. सोफा धरला — ओढला, उचलला, दाबला — खटाक! झाला पलंग!

"वा!" मुकुंद म्हणाला. "बघ आई, पडून बघ."

बाई आडव्या झाल्या. जिथे दोन भाग जुळतात ती कड बरोबर कमरेखाली आली. वर श्वास अडकला तो वेगळाच. त्या उठून बसल्या.

"शेठ, हे रोज कोणी उघडायचं?"

"सूनबाई उघडतील की, आजी."

"आणि ती माहेरी गेली तर?"

शेठ खोकले.

"आणि ह्याची क्रिकेटची मॅच संपेपर्यंत मी काय खांबासारखी उभी राहू? दुपारी छाती भरून आली, जरा पडावंसं वाटलं, तर?"

नीलिमा हळूच म्हणाली, "अहो आई, दुपारी कोणी आलं-गेलं तर बरं दिसत नाही ना."

"आणि हे सपाट आहे त्याचं काय?"

"उशा लावू की!" मुकुंद म्हणाला.

उशा! मंडळी, तो शब्द कानावर पडला आणि बाईंना ती भिंत दिसली, त्या वळकट्या दिसल्या, घसरणारा नवरा दिसला. "जरा बसते कुठेतरी," म्हणाल्या, आणि दम खात दुकानाच्या मागच्या बाजूला गेल्या.

मागे जुना माल रचलेला. एका पलंगावर त्या टेकल्या. आधारासाठी हात मागे फळीवर गेला, तर हाताला पितळ लागलं! कासाराच्या घरात जन्म काढलेली बाई. बोटांनीच ओळखलं, की हे ठोके आपल्या दुकानातले. वळून पाहिलं — 'कै. विनायक गणपत रासने यांचे स्मरणार्थ'. शेजारी किमतीची चिठ्ठी!

शेठ धावत आले. "आजी, राग मानू नका. गुरुजींची जागा केवढीशी, त्यात दर महिन्याला दानाचा पलंग येतो. ठेवतील कुठे? माझ्याकडे आणून देतात."

गुरुजींचं चुकलं का? मुळीच नाही! दिलेलं त्यांचं झालं, त्यांनी विकलं. माझ्याच घरात माळ्यावर दानात आलेल्या चौदा छत्र्या आहेत! पाऊस पडायचा तेवढाच पडतो, मंडळी!

मथुराबाई रडल्या असतील असं वाटतं ना? छे! ताडकन उठल्या. पुढे आल्या. तिथे एक पलंग होता, बटणावर वर-खाली होणारा.

"शेठ, हा डोक्याकडून उचलतो?"

"हो, आजी."

बाईंनी चपला काढल्या. पदर सावरला. आडव्या झाल्या. "दाबा बटण."

घूंऽऽ करत उशी वर यायला लागली.

"अजून. अजून. हां, थांबा!"

आणि मथुराबाईंनी श्वास घेतला. पार बेंबीपर्यंत! कितीतरी महिन्यांत असा श्वास आला नव्हता. तेव्हा मात्र डोळे भरले. दुकानातून एक बटण घरी आलं असतं, तर ह्यांनी असाच श्वास घेतला असता!

मुकुंद जवळ आला. "छान आहे गं, पण ऊठ आता. घरात असलं बरं दिसत नाही. दवाखान्यासारखं वाटतं. लोक काय म्हणतील?"

"नाही उठत."

"आई!"

"नाही उठत म्हटलं ना! उचलायचं असेल तर चौघांना बोलाव. ते एकदा उचलणारच आहेत, आत्ता तालीम करू देत."

दुकानातली गिऱ्हाईकं गोळा झाली. मुकुंदाच्या कपाळाला घाम! बाई शांत. "मुकुंदा, मी गेल्यावर शय्यादान करशील ना?"

"आई, काय अभद्र बोलतेस!"

"करशील का नाही?"

"करीन! बाबांच्यापेक्षा चांगलं करीन, झालं?"

"मग आत्ता कर. घेणारी मी."

"अगं, जिवंत माणसाला कुठे शय्यादान देतात का?"

"जिवंतच घेतो रे! मेलेल्याने कधी हात पुढे केलाय? तुझ्या बाबांचा पलंग मागे जुन्या मालात पडलाय. जा, नाव वाचून ये."

मुकुंद गेला. परत आला तेव्हा चेहरा पार उतरलेला, आणि तोंडातून एवढंच निघालं, "बाबा मागत होते गं..."

"मागत होते," बाई म्हणाल्या. "मी ऐकलं आणि गप्प बसले. आता गप्प बसणार नाही! नीलिमा, पिशवीतली पाण्याची बाटली दे त्याला. सोड उदक!"

आणि मंडळी, भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, मुकुंदाने आईच्या तळहातावर पाणी सोडलं. "पोचलं," त्या म्हणाल्या. "आता माझ्या तेराव्याला काही मांडू नकोस. माझं मी घेतलं."

नीलिमाने डोळे पुसले आणि शेठना म्हणाली, "हा पलंग सायलीच्या खोलीत खिडकीपाशी लागेल. ती आजीजवळ आनंदाने राहील. आणि तो सोफा-कम-बेडही द्या. पाहुण्यांना होईल, आणि मॅच असेल त्या रात्री ह्यांना होईल!"

पाहुण्याला सोफा-कम-बेड उत्तम, मंडळी! रात्री उघडला, सकाळी मिटला. पण आई पाहुणी आहे का, सकाळी मिटून ठेवायला?

पलंग घरी आला. मुकुंदाने पितळी पट्टी कापली, छिन्नी-हातोडी घेतली आणि आईच्या उशाशी येऊन उभा राहिला. पोराची जात कासाराची! "आई, नाव घालू का गं?"

"घाल की," मथुराबाई म्हणाल्या. "फक्त पुढे कै. घालू नकोस."

आता हसू पुरे! माझ्याकडे बघा. तुमची आई, तुमचे वडील आज कशावर निजलेत? ठाऊक आहे? गादीला मध्ये खड्डा पडलाय का? उठताना कशाला धरतात? नाही ना ठाऊक! मग इथे माझ्या पाया पडायला रांग लावू नका. आधी घरी जा, त्यांच्या अंथरुणावर स्वतः आडवे व्हा. तुमच्या पाठीला जे कळेल, ते माझ्या कीर्तनाने कळायचं नाही. आणि म्हाताऱ्यांनो, तुम्हीही ऐका! कशाला गप्प बसता? मागा! मथुराबाईंसारखं ठाण मांडा, हात पुढे करा, आणि म्हणा — सोड उदक!

म्हणा सगळे, मोठ्याने — जे जिवंत माणसाला सुखाने निजवतं, त्या घरातल्या देवाचा जयजयकार असो!